गुडघा बदललेल्यांचा डेक्सा: वर्षभर वापरल्यावर

डेक्सा, म्हणजे एक्स-रेने हाडांची घनता मोजणारं मशीन, आमच्याकडे जुनंच आहे. धातूच्या सांध्याभोवतीचं हाड मोजायचं सॉफ्टवेअर मात्र गेल्या वर्षी बसवलं. खुब्यावर ते छान चालतं, मांडीच्या हाडातल्या धातूच्या दांड्याभोवतीचे ठरलेले 7 भाग (ग्रुएनचे भाग) झटक्यात पडतात. गुडघ्याला असे सगळ्यांनी मान्य केलेले भागच नाहीत. मोजायच्या जागेच्या चौकटी हाताने आखाव्या लागतात. जुन्या स्कॅनवरच्या चौकटी नव्या स्कॅनवर जशाच्या तशा उतरवता येतात, ही यातली सगळ्यात कामाची सोय.

खरी मेहनत पाय ठेवण्यात आहे. समोरून पाहिलं तर मांडीच्या हाडाचं टोक धातूआड जातं, म्हणून रुग्णाला कुशीवर वळवायचं. बघायचं असतं ते धातूच्या पुढच्या पाळीमागचं हाड. तिथला भार धातू परस्पर वाहून नेतो, हाडाला काम उरत नाही आणि ते विरळ होतं. ही घट पहिल्या वर्षात जास्त. नडगीचा स्कॅन समोरूनच होतो, पण पाऊल जरा बाहेर कललं की शेजारचं बारीक हाड नडगीमागे सरकतं आणि घनता उगाच वाढलेली दिसते. आम्ही पाऊल फोमच्या ठोकळ्यात पट्ट्याने बांधतो. ताज्या ऑपरेशनवाल्यांचा गुडघा पुरता सरळ होत नाही, तिथे पट्टाही हात टेकतो.

सांधा हाडात पक्का बसवायला वापरलेलं सिमेंट ही दुसरी कटकट. एक्स-रेत दिसावं म्हणून त्यात बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनियम डायऑक्साइड असतं. धातू सॉफ्टवेअर बरोबर वगळतं, पण सिमेंटला हाड समजून मोजतं. चौकट थोडी खाली घेतलेली बरी.

रिपोर्टमध्ये टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुणांच्या हाडांशी तुलना करणारा आकडा, नसतो. "मग माझं उणे अडीच आहे की नाही?" असं आजी हमखास विचारतात. उणे अडीच किंवा त्याखाली म्हणजे हाडं ठिसूळ, हा निकष मणका, खुबा, मनगटाकडच्या हाडासाठी. इथे फक्त ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर, आणि तुलना स्वतःच्याच आधीच्या स्कॅनशी.

मशीन घेतल्या घेतल्या आपली अचूकता तपासून घ्या: 30 रुग्णांचे दोन-दोन किंवा 15 जणांचे तीन-तीन स्कॅन, दर वेळी रुग्णाला टेबलावरून उतरवून. येणाऱ्या चुकीला 2.77 ने गुणायचं. त्याहून कमी फरक म्हणजे बदल नव्हेच. गुडघ्याचा हा आकडा आमच्याकडे मणक्याहून बराच मोठा आला, त्यामुळे किरकोळ घट-वाढ आम्ही डॉक्टरांना बदल म्हणून कळवत नाही.

ऑपरेशननंतर लगेच पहिला स्कॅन घ्यायची शिस्त असेल तर सॉफ्टवेअर पैसे वसूल करतं. चार वर्षांनी दुखतंय म्हणून पहिल्यांदाच आलेल्या रुग्णाला त्याचा फारसा उपयोग नाही. त्याला आम्ही साध्या एक्स-रेला पाठवतो.