निर्यातीच्या आंब्याला फळमाशीपासून कसं वाचवायचं: सापळा, आमिष की पिशवी?

आजरा, भुदरगडकडच्या बागेतला थोडा हापूस यंदा युरोपला द्यायचा विचार असेल, तर फळमाशीवरचा पैसा कुठे घालायचा हे तोडणीच्या दोन महिने आधीच ठरवा. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात डंखलेल्या फळामुळे भाव पडतो. क्वारंटाईनमध्ये, म्हणजे निर्यातीच्या मालाच्या कीड-तपासणीत, मात्र एक जिवंत अळी सापडली तरी सगळा लॉट अडकतो. फळमाशी आणि इतर किडींमुळे युरोपीय संघाने 1 मे 2014 पासून आपला आंबा आणि कारल्यासह चार भाज्या बंद केल्या होत्या. आंबा 2015 मध्ये पुन्हा सुरू झाला.

सापळा सर्वांत स्वस्त आणि सोपा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा बऱ्याच जणांच्या ओळखीचा आहे. पण त्यातल्या मिथाइल युजेनॉल या गंधद्रव्याच्या (ल्यूरच्या) वासाला फक्त नर येतात. डबा माश्यांनी भरला की आपण निर्धास्त होतो, आणि शेजारच्या बागेत मीलन झालेली मादी इकडे येऊन सालीखाली अंडी घालतच राहते. म्हणून सापळे हवेतच, पण त्यांच्या एकट्याच्या भरवशावर परदेशी माल पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्ण शिवाराने एकदम लावले तर मात्र त्यांचा खरा उपयोग होतो.

आमिष फवारणी मादीलाही गाठते, कारण अंडी तयार व्हायला तिला प्रथिनं लागतात. प्रोटीन हायड्रोलायसेट (प्रथिनांचं आमिष) आणि कीटकनाशक यांचं मिश्रण झाडावर ठिकठिकाणी शिंपडायचं, सगळं झाड भिजवायचं नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात फळमाशीमुळे माल बाहेर न्यायला निर्बंध असलेल्या (क्वारंटाईन) पट्ट्यातल्या बागायतदाराला माल बाहेर न्यायचा असेल, तर तोडणीच्या किमान 30 दिवस आधीपासून अशी आमिष फवारणी सुरू करून ती शेवटपर्यंत चालू ठेवावी लागते. आपल्याकडे दोन अडचणी आहेत. मे महिन्यात वळीव आला की आमिष धुऊन जातं, आणि नेमकी तेव्हाच माशी वाढते. दुसरी अडचण फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशाची. आंब्यासाठी शिफारस असलेलंच औषध वापरा आणि तोडणीआधीचे दिवस काटेकोर पाळा, नाहीतर माशीतून सुटलेला माल अंश तपासणीत अडकेल.

कागदी पिशवीत माशी फळापर्यंत पोचतच नाही. फळ अंड्याएवढं झालं की पिशवी घालायची. डाग कमी पडतात, रंगही चांगला येतो. मजुरी मात्र जड जाते, आणि जुन्या उंच झाडांवर हे जमत नाही.

माझा कौल असा: झाडं हाताला येणारी असतील तर निर्यातीपुरत्या फळांना पिशव्या घाला आणि बाकी बागेत सापळे लावा. झाडं उंच असतील तर सापळे आणि आमिष दोन्ही करा. गळालेली फळं दोन्हीकडे रोज वेचून खोल पुरा, कारण अळी फळातून बाहेर पडून मातीतच कोषात जाते.

यातलं काहीही केलं तरी युरोपसाठी पॅकहाऊसमधली 48 अंशाच्या गरम पाण्यातली 60 मिनिटांची प्रक्रिया चुकत नाही. बागेची नोंदणीही हंगामाआधी कृषी विभागाकडे करून ठेवावी लागते.

काकडी, कारली, दोडक्याची माशी वेगळी असते. तिला क्यू ल्यूर लागतं. आंब्याचं ल्यूर तिथे टांगलं तर पैसे वाया जातात.