खाऱ्या वाऱ्यात टिकेल कोणती केबल, कोणता कनेक्टर?

मिरकरवाड्याला असो की हर्णैला, जुन्या नौकेतली साधी तांब्याची वायर सोलून पाहा. टोकापासून वीतभर आत तांबं काळं-हिरवं पडलेलं असतं. वातीत तेल चढावं तसं खारं पाणी धाग्यांमधून आत चढतं. तेव्हा पैसे आधी केबलवर घाला, मग कनेक्टरवर.

टिन्ड, म्हणजे कल्हई चढवलेली तार सोलल्यावर चंदेरी दिसते. तांबूस दिसली तर घेऊ नका, दुकानदार काहीही सांगो. पीव्हीसी आवरण स्वस्त. केबिनमध्ये, पॅनेलच्या आत चालून जातं. डेकवरच्या उन्हात मात्र ते कडक होऊन वळणावर तडकतं. जिथे केबल सतत हलते, डिझेल उडतं, तिथे निओप्रीन आवरणाची रबर केबल. जड आणि महाग, तरी तीच. १२ व्होल्टवर जाडीत कंजुषी नको. १० अँपिअर १० मीटरवर न्यायचे तर २.५ चौरस मिमी तारेत जाऊन-येऊन १.६ व्होल्ट वाटेतच वाया जातो, ६ चौरस मिमीत साधारण ०.७.

दिवे, पंप यांच्या १२ किंवा २४ व्होल्टसाठी प्रत्येक तारेला रबरी सील असलेला प्लास्टिक कनेक्टर आमच्या मते सर्वांत शहाणा. गंजत नाही, फक्त पायाखाली येऊ देऊ नका. अ‍ॅल्युमिनियमचा हलका, पण ओरखडा पडला की पांढरी भुकटी धरतो आणि जोडणी आवळायची रिंग जाम होते. निकेल चढवलेलं पितळ त्याहून बरं, ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील उत्तम, किंमतही तशीच.

जेटीवर किंवा कोळंबीच्या तळ्यावर एरेटरसाठी (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) औद्योगिक प्लग: २३० व्होल्टला निळा, ४१५ला लाल. आयपी म्हणजे धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा. नुसत्या झाकणाचा आयपी४४ शिंतोडेच अडवतो. फिरवून बसणाऱ्या रिंगचा आयपी६७ घ्या. तो मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतो, तेही रिंग पूर्ण आवळलेली असेल तर. पाइपचा जोरदार फवारा मारणार असाल तर आयपी६६ही छापलेलं हवं. मागे पुरवठ्याच्या बाजूला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवीच.

पाणी बहुधा ग्लँडमधून, म्हणजे केबल आत जाते तिथल्या आवळायच्या बुचातून, शिरतं. केबलच्या बाहेरच्या व्यासाचाच ग्लँड घ्या, एकात दोन केबली कोंबू नका, आणि आत जाण्याआधी केबलला खाली झोळ द्या. हलत्या जागी सोल्डर नको. सोल्डर संपतं तिथेच तार तुटते. रॅचेट पकडीनं क्रिम्प करा, म्हणजे टोक तारेवर दाबून बसवा, ओढून बघा, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवा.

१ जूनला मासेमारीबंदी लागली, नौका शाकारली, तरी बॅटरी सोडवल्यावर बाकी कनेक्टर जोडूनच ठेवा. जे सुटे राहतील त्यांना टोपी घाला. उघड्या पिना पावसाळाभर दमट हवा खातात.