डिस्को एलिझियम: डोक्यातल्या चोवीस जणांचं ऐकायचं किती?

रात्री साडेअकराला नळ स्टॉपचा सिग्नल लाल असतो आणि चौकात चिटपाखरू नसतं. एक मन म्हणतं जाऊ दे, दुसरं म्हणतं थांब, आणि तिसरं गुपचूप कॅमेरा कुठे आहे ते बघतं. डिस्को एलिझियम हा गेम या तिसऱ्या मनाचा आहे. झाऊम स्टुडिओने तो 2019 मध्ये आणला. 2021 च्या ‘फायनल कट’ आवृत्तीत सगळे संवाद ऐकायलाही मिळतात, तेव्हा घ्यायची ती हीच आवृत्ती.

खुनाचा तपास करायला आलेला एक पोलीस दारू पिऊन स्वतःचं नावही विसरलाय. बंदुका घेऊन धावाधाव नाही. जे काही आहे ते बोलण्यात. त्याच्या स्वभावाचे चोवीस तुकडे, म्हणजे गुण, आहेत. बुद्धी, मन, शरीर आणि हालचाल अशा चार गटांत सहा-सहा. प्रत्येकाला नाव आहे, चेहरा आहे, आणि प्रत्येकजण संवादाच्या मधेच तोंड घालतो. इलेक्ट्रोकेमिस्ट्री, म्हणजे नशेची तलफ, सुरुवातीलाच सिगारेट आणि दारू शोधायचं काम तुमच्या यादीत टाकते. व्हॉलिशन, म्हणजे आपला निग्रह, नको म्हणतो. ऑथॉरिटीला समोरच्याला दबवायचं असतं, एम्पथीला त्याचं दुखणं दिसतं.

आपल्याकडे षड्रिपू म्हटले की ते शत्रू, विवेक तेवढा आपला. इथे अशी वाटणी नाही, आणि लिखाणाची खरी ताकद इथेच आहे. सिगारेट ओढली की बुद्धीच्या गटाला एक अंक तात्पुरता वाढवून मिळतो आणि आरोग्याचा एक जातो. म्हणजे मोहाचा सल्ला नुसता चुकीचा नाही, तो उपयोगाचाही आहे. म्हणूनच निवड अवघड होते. उलट, एखादा गुण भरमसाट वाढवला तर तोच तुम्हाला फसवतो. ऑथॉरिटी फार वाढली की साध्या चौकशीतही भांडण उकरून काढते. एका संशयित बाईच्या चौकशीत तर निग्रह बजावतो की बाकीचे आवाज तिच्या बाजूला गेलेत, त्यांच्यावर विसंबू नका. इतका वेळ ज्यांच्या भरवशावर खेळलो तेच फितूर, हे कळतं तेव्हा मागचं सगळं पुन्हा तपासावंसं वाटतं.

कर्तव्य आणि स्वार्थ यांची सगळ्यात चांगली गाठ पहिल्याच दिवशी पडते. लॉजचा मॅनेजर मोडतोडीसकट 130 रेआल (गेममधलं चलन) मागतो आणि खिसा रिकामा. पिवळी प्लॅस्टिकची पिशवी हातात घेऊन रस्त्यावरच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून विकता येतात. चिल्लर मिळते, पण कुणाचे उपकार नाहीत. संपावर असलेल्या युनियनचा पुढारी पैसे द्यायला तयार आहे, कंपनीची प्रतिनिधीही आहे, आणि तुमचा तपास या दोघांच्या भांडणाच्या मधोमध. काहीच जमलं नाही तर साथीदार किम स्वतःच्या गाडीची चाकांची झाकणं विकून तुमचं बिल भागवतो. त्यानंतर ती उघडी चाकं दिसली की काळजात चर्र होतं. गेम त्यावर भाषण देत नाही, हे फार आवडलं.

आता हिशेब. काही अवघड करायला गेलात की परीक्षा होते. प्रत्येक परीक्षेत दोन फासे पडतात, त्यात तुमच्या गुणाचे अंक मिळवायचे. अवघडपणा 12 आणि गुण 4 असेल तर फाशांवर 8 हवेत, म्हणजे 42 टक्के. गुण एकाने वाढवला की 58. दोन्ही फाशांवर सहा पडले तर हमखास जमतं, दोन्हीवर एक पडला तर हमखास फसतं, म्हणून 97 च्या वर आकडा जातच नाही. पांढरी परीक्षा हुकली तर तोच गुण वाढवून पुन्हा देता येते, लाल एकदाच. 100 अनुभवगुणांना एक अंक मिळतो, तो मिळाल्या मिळाल्या खर्चू नका. अडलेली पांढरी परीक्षा उघडायला एक शिलकीत ठेवा. कपड्यांनीही अंक वर-खाली होतात, तेव्हा मोठ्या परीक्षेआधी कोट-चपला बदलून बघा.

नव्याने खेळणारे हमखास फसतात ते सुरुवातीच्या वाटपात. चारही गटांत एक-एक अंक असतो, वर आठ तुमचे, कमाल सहा. बुद्धीला सहा देऊन शरीर एकवर ठेवलं तर पहिल्याच खोलीत दिवा लावताना हृदय बंद पडू शकतं. शरीराला किमान दोन द्या. मनाच्या गटालाही उपाशी ठेवू नका, कारण मनोधैर्य निग्रहावर चालतं आणि ते शून्यावर आलं तरी खेळ संपतो. घड्याळाची घाई करू नका. ते बोलताना आणि वाचतानाच पुढे सरकतं, नुसतं चालण्याने नाही.

त्रुटी मोठी एकच, भाषा. मजकूर दहा लाखांहून जास्त शब्दांचा, इंग्रजी जड आणि मुद्दाम वाकडं, मराठी-हिंदी पर्याय नाही. कंटाळा येणाऱ्याने सेलमध्येसुद्धा घेऊ नये. पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिका लिहिणाऱ्या मुलांनी मात्र जरूर घ्यावा. एकाच माणसाच्या पोटात इतकी पात्रं कशी भांडवायची, ते इथे शिकायला मिळतं. लॅपटॉपवर साधारण 20 जीबी जागा मोकळी ठेवा, आणि लाल परीक्षेआधी दरवेळी सेव्ह करा.