गणितमाळ, ८ महिने वापरून: मणी झकास, दोरा बोगस

माळ काय असते ते सांगत बसत नाही, १०० मणी, दहा लाल दहा निळे असे आलटून पालटून, मोजणी शिकवायला सगळ्यांच्याच वर्गात लटकलेली असते. जुलैत आपल्या विदर्भातल्या शाळा उघडल्या तेव्हा तालुक्याच्या दुकानातून ३५० रुपयांची घेतली, स्वतःच्या खिशातून. घरी बनवली असती तर निम्म्यात झाली असती, पण म्हटलं रेडिमेड टिकेल.

टिकली दोन महिने. तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी नंदी सजवून मिरवायचा सण, झाला त्याच आठवड्यात भर तासाला तंगूस (माळेचा नायलॉनचा दोरा) तुटला. "सर, मनी पयाले जी!" म्हणत पहिली-दुसरीची २३ पोट्टी बाकाखाली, अन् मी दारात उभा, एकही बाहेर व्हरांड्यात जाऊ नये म्हणून. ९९ सापडले.

दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो, "मण्यांना काही झालं का? मग माळ खराब कशी?" दोऱ्याची गॅरंटी नसते म्हणे. अरे बाबा, दोरा नसेल तर ती माळ कशी, ते तर पसाभर मणी झाले ना. दोन रुपयांचा दोरा वाचवायला ३५० च्या वस्तूची वाट लावली, याचा राग मला अजून आहे.

मग एका पोराने घरून पोती शिवायचा दाभण आणि सुतळी आणली, पूर्ण माळ पोरांनीच परत ओवली. एक मणी कमी, तर दुसरीतला एक म्हणे "माह्या नंदीच्या गयातला लावू का जी?" पिवळा, बाकीच्यांपेक्षा जाड. ओवता ओवता तो नेमका २८ व्या जागी बसला. मला आधी आवडलं नाही, दहा-दहाचा रंग बिघडला ना. काढायचं ठरवलं होतं, राहून गेलं.

आता इथे माझं मत बदललं. मराठी आकड्यांची पंचाईत माहीतच आहे, सत्तावीस म्हटलं की आधी सात ऐकू येतो, मग पोरं ७२ लिहितात. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी वीस एक, वीस दोन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण वर्गात उभं राहणाऱ्याला ती अडचण खोटी वाटत नाही. माळेवर दोन दशक सोडून सात मणी मोजले, तिथे कपड्याचा चिमटा लावला की दोन आधी लिहायचा हे हाताला कळतं. एकोणतीसचं तर त्याहून सोपं झालं, पिवळ्याच्या शेजारचा मणी, तिसाला एक कमी. एकोणचाळीस, एकोणपन्नासही मग तसेच मागे सरकून सापडले. फक्त नव्व्याण्णवला ही युक्ती चालत नाही, तिथे एका पोरीने मला "एकोणशंभर" सांगितलं अन् मला तिला चूक म्हणायला जीवावर आलं.

एकदा दोघं भांडत आले, एकाचा पिवळा अठ्ठावीस, दुसऱ्याचा त्र्याहत्तर. दुसरा खिडकीकडून मोजत होता. दोघंही बरोबर. तेव्हापासून माळेच्या दाराकडच्या टोकाला लाल चिंधी बांधली, मोजणी तिथून सुरू.

सुतळीची एक तक्रार आहे, पावसाळी हवेत फुगते, मणी ढकलावे लागतात, छोट्यांची बोटं दुखतात. पण तंगुसावर मणी घसरून मधे झोळात गोळा व्हायचे, इथे ठेवले तिथेच राहतात. आता मार्चमधे सकाळची शाळा सुरू झाली, हवा कोरडी, एकदम मस्त सरकतात.

घ्यायची तर घ्या, मणी खरंच चांगले आहेत, रंग अजून उडाला नाही. फक्त घरी आणल्या आणल्या दोरा कापून फेका अन् सुतळीत ओवा, दोन्हीकडे दुहेरी गाठ मारून. ३५० मात्र देऊ नका, मी नंतर दुसऱ्या दुकानात २८० ऐकले.