स्क्रीनवरचं १८.२ आणि वहीतलं १६.७

गाडी घेऊन वर्ष झालं. पेट्रोल हॅचबॅक, बाकी तक्रार नाही. डॅशबोर्डवरचा ॲव्हरेज दाखवणारा आकडा मात्र थापाड्या आहे.

बेळगावात टिळकवाडीतून खडेबाजार, शहापूर, मुलांची शाळा असं गावातल्या गावात फिरून स्क्रीन १८.२ दाखवत होती. मी जुन्या पद्धतीने हिशेब केला. टाकी फुल, नोझल पहिल्यांदा टक्‌ करून बंद पडलं की थांबायचं, ट्रिप मीटर शून्य. ४१२ किलोमीटरनंतर त्याच पंपावर, त्याच नोझलने परत फुल: २४.६ लिटर. म्हणजे १६.७. पंपावरचा पोरगा दर वेळी "साहेब, राउंड करू की, अजून बसतंय" म्हणतो. नको रे बाबा, त्या राउंडमध्येच माझा हिशेब बुडतो.

निपाणीच्या फेऱ्या जास्त झाल्या त्या टाकीला ४३८ किलोमीटर, २२.३ लिटर, म्हणजे १९.६. वंटमुरी घाट धरून! स्क्रीन म्हणे २१.४. दोन्ही वेळा साधारण नऊ टक्के चढवून. त्यामुळे मी आता स्क्रीनवरून सरळ दीड-दोन वजा करतो.

कंपनीच्या कागदावरचा आकडा तर प्रयोगशाळेतल्या रोलरवरचा. तिथे ना गणपत गल्लीची गर्दी, ना पावसाळ्यातले खड्डे. गावात मार बसतो तो थंड इंजिनाच्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांचा. भाजी आणायला आता सायकल काढतो, बायको हसते.

गाडीला चार तारे, स्क्रीनला दोन. तेही तिच्या चुकीत सातत्य आहे म्हणून.