घरघर नाही, मनगटावर फक्त टिचकी (ॲपल वॉच एसई, चार महिन्यांनंतर)
माझी फर्स्ट शिफ्ट, कंपनीची बस साडेपाचला नाक्यावर येते म्हणजे पावणेपाचला उठणं आलंच, आणि घरात सात महिन्यांचं बाळ. फोनचा अलार्म वाजला की आधी ते उठणार, मग बायको, जिला रात्रभर धड झोप नसते. म्हणून खास व्हायब्रेशनसाठी घड्याळ घेतलं.

आधीचं स्वस्तातलं होतं, नाव नाही घेत. त्यात छोटी गोल फिरणारी मोटर, शाफ्टवर एका बाजूला जड वजन. ती वेग घ्यायला वेळ लावते आणि करंट बंद झाला तरी क्षणभर फिरत राहते, त्यामुळे घर्रर्र असा लांबट आवाज येतो. हात उशीवर असला की अख्खी उशी घरघरायची आणि बाळ दचकून रडायला लागायचं.

ॲपलच्या टॅप्टिक इंजिनमध्ये, म्हणजे या घड्याळातल्या व्हायब्रेशनच्या मोटरमध्ये, काही गोल फिरतच नाही. कॉइल आणि मॅग्नेटच्या जोरावर एक वजन सरळ रेषेत पुढेमागे हलतं, लगेच सुटतं आणि लगेच थांबतं, म्हणून हाताला थरथर नाही तर टिचकी लागते, कोणीतरी बोटाने हळूच "ए, ऊठ" म्हटल्यासारखी. घड्याळ सायलेंटवर टाकून अलार्म लावला की फक्त टिचक्या, शेजारी झोपलेल्याला पत्ता लागत नाही. चार महिन्यांत अलार्मने बाळ एकदाही उठलं नाही, खरंच सांगतो, एवढ्यासाठी पैसे वसूल!

अजून एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, टॅप्टिक टाइम. सेटिंग्जमध्ये क्लॉकमध्ये जाऊन चालू करायचं, मग सायलेंटवर असताना डायलवर दोन बोटं टेकवून धरली की घड्याळ टिचक्यांनी वेळ सांगतं. मी त्यातला 'टर्स' (थोडक्यात) हा प्रकार ठेवलाय, त्यात पाच तासांना एक लांब टिचकी, वरच्या प्रत्येक तासाला एक छोटी, मग दर पाव तासाला एक लांब. रात्री बाळ खांद्यावर झोपलेलं, खोलीत मिट्ट काळोख, बोटं टेकवली, तीन छोट्या आणि तीन लांब, म्हणजे पावणेचार, अजून तासभर झोप शिल्लक. मला पाठ व्हायला आठवडा लागला.

पट्टा मात्र नीट घट्ट लावा, सैल असला की टिचकी हवेतच जाते. तरी कमी वाटली तर सेटिंग्जमध्ये हॅप्टिक्समध्ये (म्हणजे व्हायब्रेशनच्या भागात) 'प्रॉमिनंट' (ठळक) करून बघा. बॅटरी कंपनी 18 तास सांगते, त्यामुळे रात्री हातावर पाहिजे तर संध्याकाळी चार्ज करावंच लागतं, मी बाळाला फिरवायला खाली नेतो तेव्हा लावून ठेवतो.