विमान की बोट?
मालवणात मुलगा 'बोटीवर आहे' म्हटलं की सोयरीक चालून येते. विमानाचं वेड नवं, 2021 साली चिपीला विमानतळ सुरू झाल्यापासूनचं.

भाच्याने 200 तास उडून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स काढलं, टाइप रेटिंगही (ठरावीक जातीचं विमान चालवायची परवानगी) बापाच्याच पैशांनी. नोकरी लागली, पण प्रशिक्षण संपेपर्यंत नुसता स्टायपेंड, वर ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड. ताई म्हणते, "हप्ता गेला की बांगडा घेण्यापुरते उरतात!"

पुतण्या डेक कॅडेट, म्हणजे मालवाहू जहाजावरचा शिकाऊ अधिकारी. स्टायपेंड त्याचाही बेताचाच, पण राहणं-जेवण जहाजावर, खर्च जवळजवळ नाहीच. दिवसाला किमान 10 तास विश्रांतीचा नियम आहे. बंदरात माल चढताना तो कागदावरच, असं तो सांगतो. भाच्याला निदान रोस्टरमध्ये सुट्टी दिसते.

कर्ज काढूनच शिकायचं असेल, तर मी बोटच म्हणेन. चतुर्थीला घरी? दोघांचंही नक्की नाही.